प्रतिध्वनीच्या जागेवर

अंबेखोलचा प्रतिध्वनी घशाच्या दुखण्यामुळे दीर्घ रजेवर गेला, तेव्हा नगरपरिषदेने त्याच्या जागी सोपान ढेबे यांची हंगामी नेमणूक केली. शेवंताचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पुढे ती जन्मली, तिचे दुधाचे दात पडून नवे आले, ती बारावी झाली, तरी प्रतिध्वनी काही परतला नाही आणि तिचे आबा हंगामीच राहिले.

अंबेखोल हे थंड हवेचं ठिकाण. तिथे पाहण्यासारखं तसं फार काही नाही. एक तळं आहे, त्यात पाणी कमी आणि होड्या जास्त. थोडे घोडे आहेत. आणि साद पॉइंट आहे. कठड्याला धरून उभं राहायचं, दरीपलीकडच्या काळ्या कड्याकडे तोंड करून ओरडायचं आणि आपलंच ओरडणं परत ऐकायचं, एवढ्यासाठी लोक वळणावळणाचा घाट चढून, वाटेत ओकाऱ्या काढत वर येत. प्रतिध्वनी बंद पडला असता तर घोडेवाले, कणीसवाले, लॉजवाले सगळ्यांच्याच चुली विझल्या असत्या. म्हणून ती जागा रिकामी ठेवून चालण्यासारखं नव्हतं.

आबा उजाडता उजाडता घरून निघत आणि पायवाटेने कड्याच्या पोटातल्या कपारीत जाऊन बसत. तिथे कारवीच्या झुडपांआड नगरपरिषदेने पत्र्याची शेड बांधून दिली होती. पलीकडून हाक आली की आवाजाला दरी ओलांडायला लागतो तेवढा वेळ थांबायचं आणि ती जशीच्या तशी परत द्यायची. मग जरा हळू, मग आणखी हळू. बाईचा आवाज बाईसारखा, पोराचा पोरासारखा. गुजराती आली तर गुजराती, तमिळ आली तर तमिळ. अर्थ समजण्याची अट नव्हती. कुत्रं भुंकलं तर भुंकायचं, कुणाला शिंक आली तर शिंकायचं. घशासाठी ज्येष्ठमध आणि मधाची बाटली सरकारी मिळे. नियम एकच होता: स्वतःचं काही मिसळायचं नाही.

आबांनी कधी मिसळलं नाही. एकदा सहलीबरोबर आलेल्या एका मास्तरांनी छाती फुगवून विचारलं, "हे सह्याद्री, तू कोण आहेस?" आबांनी त्यांच्याच खर्जात विचारलं, "तू कोण आहेस?" मास्तर बराच वेळ कठड्याशी विचार करत उभे राहिले. सहलीची गाडी त्यांना सोडून निघून गेली.

कामाची सवय घरी येतेच. शिंप्याला घरात सगळ्यांच्या उसवलेल्या शिवणी दिसतात, तसंच हे. आई, म्हणजे हौसाबाई, विचारायची, "च्या घेनार?" आबा म्हणायचे, "घेनार." "का जेवनच वाढू?" "जेवनच वाढू." चुलीवरचा स्वयंपाक जाऊन गॅस आणि कुकर आला, तेव्हा अडचण वाढली. कुकरने शिट्टी दिली की ओट्याजवळ बसलेले आबा ती परत देत, आई मोजण्यात फसे आणि डाळ कच्ची राही.

"आवं, तुमची शिट्टी कंची न् कुकरची कंची?" आई करवादायची.

"कुकरची कंची," आबा म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा एवढा ओशाळलेला असे की आई पुढे बोलत नसे. मुकाट्याने डाळ पुन्हा चढवी.

शेवंता कमी बोलणारी मुलगी. पण घरातली दोन माणसं कमी बोलणारी असली की तिसऱ्याच्या वाट्याला किती बोलणं येतं, हे ती आईकडे पाहून शिकली होती. बारावीनंतर तिला कऱ्हाडच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलवर जायचं ठरलं. तेव्हापासून तिच्या मनाने एकच गोष्ट धरली. जाण्याआधी आबांनी आपल्याशी एक तरी वाक्य बोलावं, जे आपण आधी बोललेलो नाही. कसलंही चालेल. रागावले तरी चालेल.

आबांना आपलं काम आवडतं की नाही, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर प्रश्नच परत यायचा. पण शेवंताला वाटे, आपल्याला ठाऊक आहे. लहानपणी ती एकदा डबा घेऊन शेडवर गेली होती. त्या दिवशी पलीकडे मिरजेचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते ओरडले नाहीत. आजूबाजूची गर्दी पांगेपर्यंत थांबले आणि शेजारच्या खोलीत कुणाला बोलवावं तेवढ्याच आवाजात म्हणाले, "इंदू." दरीवरून ते नाव अलीकडे पोचणं शक्यच नव्हतं. आबा शेडमधून अर्धे बाहेर वाकले, कानाशी हात धरला, आणि कसं कोण जाणे, त्यांना ते मिळालं. त्यांनी ते परत दिलं. मोठ्याने नाही, तेवढ्याच आवाजात. म्हाताऱ्याने मान हलवली, छत्री उघडली आणि तो निघून गेला. आबा मात्र पुढची एक हाक चुकले. शेवंताने त्यांना हाक चुकताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्यावर तिने खूप दिवस विचार केला आणि तिला असं वाटलं, की लोक इथे उत्तर मागायला येत नाहीत. आपण बोललो ते पलीकडे कुणाला तरी पोचलं, एवढंच त्यांना ऐकायचं असतं. आबा ते पोचल्याचं सांगतात. हे काम दगडावर सोडून देण्यासारखं नाही.

तिने ते आबांना एकदा सांगितलंही. "असंच ना, आबा?"

"असंच ना, आबा?" आबा म्हणाले.

अशात दिवाळीनंतर एका संध्याकाळी नगरपरिषदेचे लिपिक मुजावर घरी आले. ते सहसा घरी येत नसत. पायरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

"वहिनी, तो परत येतोय," मुजावर म्हणाले.

"कोन?"

"प्रतिध्वनी. रजा होती नव्हती तेवढी सगळी संपली त्याची. आता रुजू व्हायचं म्हणतो."

आई भाकरीचा हात तसाच धरून बाहेर आली. "आनि ह्यांनी काय करायचं? आयुष्य घातलं की त्या कपारीत!"

"म्हणून तर सुनावणी लागलीय. मुख्याधिकारी मॅडम दोघांचं ऐकणार. जागा आपल्यालाच का मिळावी, ते प्रत्येकाने सांगायचं." मुजावरांनी तांब्या खाली ठेवला आणि आबांकडे न बघता पुढचं सांगितलं. "स्वतःच्या शब्दांत."

"स्वतःच्या शब्दांत," आबा म्हणाले.

त्या दिवसापासून शेवंताने आबांची तयारी घ्यायला सुरुवात केली. ती समोर बसून म्हणायची, "लोकांना उत्तर नको असतं. आपलं म्हणणं पोचलं, एवढं कळलं की त्यांना पुरतं." आबा ते वाक्य इतकं सुरेख म्हणायचे की ऐकत राहावं. तिचा जरासा अडखळणारा श्वाससुद्धा त्यात असायचा.

"आता मी न म्हणता म्हणा."

"मी न म्हणता म्हणा."

"तसं नाही, आबा. मी गप्प बसते. तुम्ही म्हणा."

ती गप्प बसायची. आबाही गप्प बसायचे. शांततासुद्धा ते हुबेहूब परत देत. कधी त्यांचे ओठ हलायचे, कपाळावर आठी यायची, जड हंडा उचलताना येते तशी. मग तो हंडा उचलायचाच नाही.

"पोरी, नगं छळू त्यांना," आई म्हणाली. "आपन घातल्याबिगर त्यांच्या तोंडात काय येत न्हाई आता. हुतं पूर्वी. लगीन झालं तवा लई बोलायचं. मला म्हनले हुते, हौसा, तू हसलीस की..." आई थांबली आणि पदराने ओटा पुसू लागली. "जाऊ दे. मलाबी न्हाई आठवत पुढचं."

सुनावणी, साद पॉइंट अर्धा दिवस बंद ठेवून, मुख्याधिकारी काटदरे मॅडमच्या दालनात झाली. आबांबरोबर घरचं एक माणूस असायला हरकत नव्हती, म्हणून शेवंता भिंतीकडच्या बाकावर बसली. प्रतिध्वनी सकाळच्या एसटीने आला होता आणि मॅडमच्या समोरच्या खुर्चीत होता. खुर्ची रिकामी दिसत होती. तो बोलला की मागचा पडदा जरा हले, एवढंच. मुजावरांनी त्याच्यापुढे चहा ठेवला होता.

"नमस्कार, मॅडम," प्रतिध्वनी म्हणाला. आवाज भारदस्त होता आणि त्यात कोकणी हेल शिरला होता. "नमस्कार, मुजावर. काय हो, केस कुठे गेले तुमचे? आणि हे ढेबे ना? बसा, ढेबे."

"बसा, ढेबे," आबा म्हणाले आणि उभेच राहिले.

मॅडमनी चष्मा लावला. "रजेच्या काळात आपला मुक्काम कुठे होता?"

"धाकट्या बहिणीकडे. ती देवरुखजवळ एका विहिरीत असते. जागा लहान, पण थंड. घशाला बरं. सुरुवातीला नुसता पडून होतो. मग एकदा तिने विचारलं, दादा, लोकं पाणी शेंदायला आलीत, तुला त्रास होतो का? आणि मी म्हणालो, होऊ दे की, त्यांना पाणी नको? मॅडम, मीच दचकलो. हे माझं होतं! कुणीही आधी म्हटलेलं नव्हतं. बहीण रडायलाच लागली. त्यानंतर मी थांबलोच नाही. गावातल्या बायका भांडणं सोडवायला विहिरीवर यायला लागल्या."

"पूर्वीचं काम जमेल?"

"न जमायला काय झालं? मात्र मधूनमधून माझंही थोडं बोलेन. कठड्यावरनं पोरं ओरडतात, पूजा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्यांना कुणीतरी विचारायला नको, की बाबा रे, पूजाला सांगितलंस का?"

मुजावर हसले. मॅडम हसल्या नाहीत. "हे नियमात बसत नाही."

"ठाऊक आहे." पडदा थोडा वेळ स्थिर राहिला. "मग आलो कशाला, असं विचाराल. रजा संपली म्हणून आलो. जन्मभर एक काम केलं. ते मला आवडत होतं की नाही, हे करताना कधी कळलं नाही. वाटलं, परत जाऊन बघावं."

मॅडम आबांकडे वळल्या. "ढेबे, ही जागा तुम्हाला का मिळावी, ते स्वतःच्या शब्दांत सांगा."

आबांनी दरीएवढा वेळ घेतला. शेवंताने बाकाची कड घट्ट धरली.

"स्वतःच्या शब्दांत सांगा," आबा म्हणाले. मग हळू, "शब्दांत सांगा." मग आणखी हळू, "सांगा."

"लोकांना उत्तर नको असतं," शेवंता पुटपुटली.

"कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं.

शेवंता उभी राहिली. परक्या माणसासमोर ती इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "मॅडम, त्यांचं म्हणणं मला माहीत आहे. मी सांगू?"

"तुम्ही मुलगी ना त्यांची? नातेवाइकांचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही."

"ग्राह्य धरता येत नाही," आबा म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. तो त्यांचाच आवाज होता. शब्दांमध्ये त्यांना जो हलकासा खाकरा यायचा, तो होता. आणि खाकऱ्याखाली जे होतं तेही होतं, म्हणजे आपण हे बोलतो आहोत याचं थोडं वाईट वाटणं. मॅडमना स्वतःलाही ते आधी ऐकू आलं नसावं. त्या आबांकडे बघत राहिल्या.

समोरच्या खुर्चीतून हळू आवाज आला. "वा, ढेबे. मला हे इतकं कधीच साधलं नव्हतं." मग तो मॅडमना म्हणाला, आणि त्यात जराही खोच नव्हती, "जागा यांनाच द्या. यांच्याजवळ स्वतःचं काही उरलेलं नाही. त्या जागेला तेच लागतं. मी आता या कामाचा राहिलो नाही."

मॅडमनी तसाच निर्णय दिला. सोपान ढेबे यांना साद पॉइंटवर कायम करण्यात आलं, आणि प्रतिध्वनीची स्वेच्छानिवृत्ती मंजूर झाली. आपलं म्हणणं न मांडल्याबद्दल ढेबे यांच्याविरुद्ध काही नोंदवू नये, कारण म्हणणं नसणं ही या पदाची पात्रताच आहे, असंही त्या म्हणाल्या. मुजावरांनी आबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. आबांनीही त्यांचं अभिनंदन केलं.

बाहेर व्हरांड्यात शेवंताच्या कानाशी वारा आला. "मुली, मी निघतो. खालची गाडी गाठायचीय."

शेवंताने धीर केला. "आबांना मोठी रजा मिळाली, तर त्यांनाही तुमच्यासारखं बोलता येईल?"

"येईल की. माणूस आहे तो, माझ्याहून लवकर येईल."

"मग मिळेल का रजा?"

"मिळते. फक्त बदली माणूस द्यावा लागतो. मला तुझे आबा मिळाले."

कऱ्हाडचं हॉस्टेल ठरलेलं होतं, ट्रंक आणून झाली होती. प्रतिध्वनीने शेवंताला पुढे काही विचारलं नाही. आवाराच्या फाटकाची कडी वाजली, आणि तो गेला.

घरी आईने पेढे वाटले. आबांच्या हातावर पेढा ठेवून तिने विचारलं, "झाला न्हवं आनंद?"

"आनंद," आबा म्हणाले.

"बघा, म्हनाले!" आईने शेजारणींना सांगितलं. शेजारणींनीही माना डोलावल्या.

शेवंता निघाली त्या दिवशी आबा नेहमीप्रमाणे उजाडायलाच कामावर गेले. हंगाम भरात होता आणि बदली माणूस नव्हता. जाताना ते तिच्या ट्रंकेपाशी थांबले, कुलूप लागलंय का ते ओढून पाहिलं, मग दोरी सोडून पुन्हा घट्ट बांधली. ती म्हणाली, "आबा, आज मी निघणार."

"निघणार," आबा म्हणाले. त्यांनी मफलर गुंडाळला. उंबऱ्यावर त्यांच्या कपाळाला ती आठी पडली. मग ते गेले.

आई स्टँडवर आली होती. गाडी हलताना शेवंता म्हणाली, "आई, जाते."

"जाते म्हनू ने गं! येते म्हनावं."

"येते, आई."

"ये, बाई. ये," आई म्हणाली, आणि गाडीबरोबर थोडी चालली.

अंबेखोलची गाडी खाली उतरण्याआधी साद पॉइंटवर प्रवाशांसाठी थांबते. कंडक्टर चहा प्यायला गेला. शेवंता उतरली आणि कठड्याशी गेली. जन्मभर याच गावात राहून ती इथून कधी ओरडली नव्हती. घरच्या माणसाने आबांना कामावर हाका माराव्यात, हे तिला बरं वाटायचं नाही. शेजारी एका कुटुंबाने एकेकाचं नाव ओरडून घेतलं, परत आलेली नावं ऐकून टाळ्या वाजवल्या आणि ते घोड्यांकडे गेले. समोर काळा कडा होता. शेड इथून दिसत नव्हती.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. आवाज निघेना, मग एकदम निघाला.

"आबा, येते!"

दरी होती तेवढीच होती, पण या वेळी परत यायला उशीर झाला. इतका, की कणीसवाल्याने वारा घालणं थांबवून वर पाहिलं. शेवंता कठड्यावरून पुढे वाकली. एक शब्द, तिला वाटलं. आईने दिला तो 'ये', एवढाच.

"आबा, येते!" पलीकडून आलं. तिचाच आवाज, तिचाच अडखळलेला श्वास. मग हळू, "येते." मग आणखी हळू, "येते."

कंडक्टरने घंटी दिली. ती गाडीत जाऊन खिडकीशी बसली. गाडी सुटली, आणि आवाज जिथे विरायचा तिथे विरला नाही.

"येते," कड्यातून आलं. हळू नाही. पहिल्याएवढंच.

पहिल्या वळणावर ते पुन्हा आलं. दुसऱ्या वळणावर करवंदीची झाडी लागते, तिथे वरचं काहीच ऐकू येत नाही, तिथेही आलं. गाडीतली माणसं बोलायची थांबली. एका म्हातारीने खिडकीतून हात बाहेर काढून नमस्कार केला.

"हवा स्वच्छ आहे आज," कंडक्टर म्हणाला. "अशा हवेत लांबतो जरा. बोला, कुठलं?"

"कऱ्हाड," शेवंता म्हणाली.

त्याने तिकीट फाडून दिलं आणि तो पुढच्या बाकाकडे सरकला. घाट उतरत राहिला. दर वळणावर वरून हाक येत होती, आणि निघणाऱ्या माणसाला द्यायचं असतं ते उत्तर शेवंता खिडकीच्या गजाशी तोंड नेऊन प्रत्येक वेळी देत होती.

"या, आबा. या."